हौद भरला का?

वंदना, तू गेल्यापासून कालपर्यंत आपल्या वस्तीवरची दुपारची लाईन एकदाही गेली नव्हती.

पंखा नुसता फिरत होता. भेटायला येणारी माणसं ओसरीवर त्याच्याखाली बसायची, चहा घ्यायची, तुझ्याबद्दल चांगलं बोलायची आणि मधूनच वर बघायची. मागच्या उन्हाळ्यात हीच माणसं ह्याच ओसरीवर उपरण्यानं वारा घेत तुझा उद्धार करत होती. तुझा नवरा म्हणून मला ते गपगुमान ऐकून घ्यावं लागायचं. परवा शेजारच्या शेतातले नामदेवतात्या आले. चहाचा कप खाली ठेवला, पंख्याकडे बघून म्हणाले, "वहिनी असत्या तर आत्ता ह्यो बंद असता." एवढं म्हणाले आणि त्यांचेच डोळे भरून आले. मला मात्र हसू फुटलं. तू गेल्यावर पहिल्यांदा हसलो ते असं, तात्यांच्या तोंडावर. दिगूचं डोकं फिरलं, असंच त्यांना वाटलं असेल.

गावाला वाटलं होतं की तू गेलीस आणि तुझ्याबरोबर तुझा तो कायदाही गेला. उन्हाळ्यात दुपारी वारा सुटला की शेतीची लाईन बंद, आणि त्याच लाईनीवरचा आपला पंखाही. तारा हलू देत, घासू देत, त्यांत वीजच नसेल तर उसावर ठिणगी पडणार नाही. एवढाच तुझा कायदा, पण त्यापायी तू सगळ्या शिवाराच्या शिव्या खाल्ल्यास. आता वीज उपकेंद्रातल्या तुझ्या खुर्चीवर अजून कुणी आलेलं नाही. पलीकडच्या उपकेंद्राचे साहेब तात्पुरता कारभार बघतात. तेव्हा सुटलो एकदाचे, असं लोक मनात म्हणत असतील. तोंडानं कुणी म्हणत नाही, तेवढी लाज आहे अजून.

 ज्या गोष्टीवरून तुझ्याशी उन्हाळ्यामागून उन्हाळे भांडलो, ती तू नसताना आपोआप माझ्या बाजूनं सुटली. आणि मला ती अशी नको होती. तू समोर बसलेली हवी होतीस, नाक फुगवून, हातात चहाचा कप घेऊन. मग जिंकण्यात काही मजा होती.

आपलं भांडण अर्धंच राहिलं बघ. दवाखान्यात ते काढणं शक्य नव्हतं. तिथं तू विचारायचीस, आपल्या रेवतीची परीक्षा कधी, गाय व्यायली का, अंगणातल्या कढीपत्त्याला कुणी पाणी घालतं का. मी उत्तरं द्यायचो. आणि प्रत्येक उत्तराच्या मागे मला एक प्रश्न विचारायचा होता. आधी आगीसाठी पाणी भरून ठेवायचं, मग लाईन बंद, हे माझं म्हणणं तुला कधी पटलं होतं का? हो किंवा नाही, एवढंच. पण नळ्या लावलेल्या बायकोला असलं विचारतात का? मी तुझ्या उशाशी बसून मोसंब्याच्या फोडी सोलत राहिलो. तू खात नव्हतीस, तरी सोलत राहिलो.

तू जुन्या जालन्यातली. कापडाच्या दुकानाच्या माडीवर वाढलेली, खाली रिक्षांचा आणि हमालांचा गलका ऐकत अभ्यास केलेली. लग्न करून आलीस तेव्हा तुला लांबून ऊस आणि ज्वारी वेगळी ओळखू यायची नाही. वीज कंपनीतल्या नोकरीनं तुला जिल्हाभर फिरवलं आणि शेवटी तीर्थपुरीच्या अलीकडच्या ह्या उपकेंद्रावर आणून सोडलं. घराजवळ बदली झाली म्हणून आईनं गावात पेढे वाटले. यापुढे लाईन गेली की गावातला प्रत्येक माणूस आपल्याच दारात येणार आहे, हे पेढे वाटताना कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात तू डोक्याला ओढणी गुंडाळून तारांच्या खालून शिवारभर चालत सुटलीस. बांधाबांधानं. लोक म्हणायचे, "मॅडमचं काही हरपलं का?" तुला काय काय दिसायचं! उसाच्या तुऱ्यापर्यंत लोंबलेल्या तारा. त्या एकमेकींना लागू नयेत म्हणून खाली दोरीनं बांधलेले दगड. ट्रान्सफॉर्मरच्या डीपीभोवती कमरेएवढं वाळलेलं गवत. आणि पेटीत फ्यूज सारखा उडतो म्हणून कुण्या शहाण्यानं घातलेली जाड तार. त्या दिवशी घरी येऊन तू एवढी ओरडलीस की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. "अहो, तो फ्यूज उडतो म्हणून तुम्ही जिवंत आहात! आणि तुम्ही त्यालाच उडू देत नाही!" मी म्हणालो, मी कुठं घातली तार? तू म्हणालीस, "तुमच्या गावानं घातली ना, मग तुम्हीच ऐका."

तुझी ही पद्धत होती. गावावरचा राग नवऱ्यावर काढायचा आणि कंपनीवरचा राग पोळपाटावर.

आणि मग तात्यांचा ऊस पेटला.

तो दिवस मी विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही. वारा असा सुटला होता की अंगणातली पाटी उडून बांधावर गेली. तात्यांच्या उसावरच्या तारा हेलकावे खात एकमेकींवर आपटल्या आणि ठिणग्या खाली पाचटात पडल्या. बघता बघता ज्वाळा तारांच्या वर. पेटलेल्या उसाचा आवाज ज्यानं ऐकलाय त्यालाच माहीत, कांड्या फटाफट फुटत असतात.

आपल्याकडची खोड तुला तेव्हा कळली. आग दिसली की आपला माणूस आधी आगीकडे पळत नाही, मोटारीच्या पेटीकडे पळतो. मीही पळालो. विहिरीवर जाऊन बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. चारी बाजूंच्या विहिरींवर तेच चाललं होतं, जो तो बटण दाबतोय आणि बोंबलतोय. तू उपकेंद्रातून लाईन तोडायला लावून स्कूटीवर निघाली होतीस. बांधावर पोचलीस तर सगळे तुझ्या अंगावर आले.

"ओ मॅडम, लाईन सोडा! पाणी पाह्यजे, पाणी!"

"सोडता येणार नाही. तार तुटून खाली पडली आहे."

"अहो, ऊस जळून राह्यला डोळ्यादेखत!"

मीही ओरडलो. सगळ्यांच्या देखत ओरडलो, "वंदना, लाईन सोड!" तू माझ्याकडे बघितलंस. म्हणालीस, "तार उसात कुठं पडली ते दिसत नाही, आणि आत माणसं शिरलीत. बिलकुल सोडणार नाही." तिथंच बांधाच्या कडेला उभी राहिलीस, तोंडावर राख, आणि आत शिरलेल्या एकेकाला नावानं हाका मारून बाहेर बोलवत राहिलीस. फवाऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये होतं नव्हतं ते पाणी मारून, लिंबाचे डहाळे आपटून आग कशीबशी आवरली. तात्यांचा ऊस गेला, आपलीही एक पट्टी गेली. माणूस कुणी दगावला नाही.

घरी आल्यावर आपण काय भांडलो! मी म्हणालो, "विहीर भरलेली, मोटार दारात, अन् टिपूस पाणी न्हाई. हा कुठला न्याय?" तू म्हणालीस, "आणि कुणी चिकटून मेलं असतं म्हणजे?" मी म्हणालो, "मंग काय ऊस जळताना नुसता बघायचा?" तू म्हणालीस, "हो, बघायचा." मग तू न्हाणीघरात गेलीस आणि बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. तुझंही बराबर होतं आणि माझंही. म्हणून तर ते भांडण मिटेना.

पंचनाम्याला मात्र मी तुला बघत राहिलो. सगळे म्हणत होते तारेनंच लागली, आणि सगळ्यांना वाटत होतं की तू आता टोलवाटोलवी करणार, कुणाच्या बिडीवर ढकलणार. तू सरळ म्हणालीस, "आमच्याच तारेनं लागली. झोळ पडला होता, आम्ही वेळेत ओढला नाही." तात्यांचं तोंड उघडंच राहिलं. संध्याकाळी वरच्या साहेबांचा फोन आला. तुम्ही कंपनीच्या की गावाच्या, असं काहीबाही ते बोलत होते, मला इकडं ऐकू येत होतं. तू "हो सर, हो सर" करत ऐकून घेतलंस, फोन ठेवलास आणि मला म्हणालीस, "चहा टाकते, घेता?" तेव्हा मला तुझा एवढा अभिमान वाटला होता, वंदना. मी काय म्हणालो? "आलं घाल," म्हणालो.

त्यानंतर तू कंबर कसलीस. वरच्यांच्या मागे लागून लागून तारा ओढून घेतल्यास. जिथं अंतर फार होतं तिथं मधे एकेक पोल उभा केलास. दोन तारांच्या मधे प्लॅस्टिकच्या दांड्या बसवून घेतल्यास आणि ते लटकवलेले दगड सोडवलेस. डीपीखालचं गवत काढून मुरूम टाकलास. पुढे म्हणालीस की तारेखालच्या पट्ट्यात ऊस लावायचाच नाही, बुटकं पीक घ्यायचं. आणि सुरुवात कुठून? आपल्या शेतातून. दुसऱ्याला सांगायच्या आधी घरचं करावं लागतं, म्हणालीस. झाला! भर उसाच्या मधोमध माझ्या रानात हरभऱ्याचा लांबलचक पट्टा. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "दिगूभाऊ, मॅडमचा हरभरा कसाय?" अजूनही त्या पट्ट्याला गावात मॅडमचा हरभराच म्हणतात, भुईमूग लावला तरी.

मारुतीच्या पारावर तू बायकांची सभा घेतलीस तेव्हा मी मागे उभा होतो, गंमत बघायला. तू सांगत होतीस, आग दिसली तर आधी उपकेंद्राला फोन करायचा. पडलेल्या तारेजवळ जायचं नाही, काठीनंही हलवायची नाही. डीपीवर पाणी मारायचं नाही. बायका माना हलवत होत्या. मग एक म्हातारी उठली आणि म्हणाली, "बाई, ते समदं ठीक हाय. पर मागच्या आगीला माझी म्हैस दाव्याला बांधलेलीच व्हती. तिचं कोण बघणार?"  तू खाली बसलीस, तिला जवळ बसवलंस आणि म्हणालीस, "सांगा, कसं करायचं?" मग कुणाच्या गोठ्यातलं जनावर कुणी सोडायचं हे बायकांनीच ठरवलं, घर नि घर. मी गंमत बघायला आलो होतो ते विसरूनच गेलो.

पण दुपारची लाईन बंद करायचा कायदा आणलास आणि सगळं गाव फिरलं. ऐन उन्हाळ्यात, उसाला पाणी हवं तेव्हा, वारा सुटला की लाईन गुल. तू त्या बदल्यात सकाळची लाईन वाढवून आणलीस, तरी लोक कुठं ऐकतात? आणि त्यांच्या बाजूनं बोलायला घरातच वकील होता.

"बंद तार पेट देत न्हाई, मान्य," मी म्हणायचो. "पण कुणाच्या बिडीनं लागली तर? कुणी बांध पेटवला अन् वाऱ्यानं उसात गेला तर? तवा मोटार काय तुझ्या नावानं चालवू? आधी पाणी भरून ठेवू दे, मंग कर बंद. पाणी न्हाई तोवर लाईन बंद करायची न्हाई."

"आणि वारा माझ्यासाठी थांबणार आहे का?" तू म्हणायचीस. "वाऱ्याला सांगू, आमच्या ह्यांचं पाणी भरायचंय, जरा दम धर?"

ह्या वाक्यावर मी चिडायचो. थोड्या दिवसांनी तू रस्त्याकडेचा हौद साफ करायला घेतलास. वडलांनी जनावरांसाठी बांधलेला, भेगा पडलेला हौद. ग्रामपंचायतीच्या मागे लागून त्याला आतून सिमेंट करवलंस. कुठंही आग लागली तरी फवाऱ्याचे ट्रॅक्टर तिथं येऊन भरून घेतील, आणि आपल्या विहिरीवरून सकाळच्या लाईनीवर तो भरायचं काम माझं, असं ठरलं. मी मनात म्हणालो, तोंडाला पानं पुसली बाईनं. हौद दिला, पण मूळ गोष्टीवर अडून राहिलीच.

आणि मग तुझे ते दुपारचे फोन.

"जेवलात का? हौद भरला का?"

एका दमात, नेहमी ह्याच क्रमानं. मी ताटावर असलो तर म्हणायचो, जेवून राह्यलो. भरलाय. तू "बरं" म्हणून फोन ठेवायचीस आणि जरा वेळात पंखा थांबायचा. तात्या ओसरीवर असले तर खिजवायचे, "घरच्याला आगाऊ खबर, अन् आम्हाला घाम!" मलाही तसंच वाटायचं. बायको आहे, काळजीपोटी विचारते, लाईन जायच्या आधी घरी कळवते. कधी कधी हौद भरलेला नसला की तसं सांगायचो आणि मोटार लावायचो. त्या दिवशी लाईन उशिरा जायची. मला वाटायचं, तू कामात असशील.

कधी भांडण ताजं असलं तर मी फोनच उचलायचो नाही. मग तू भर उन्हात स्कूटीवर यायचीस. हौदात डोकावायचीस, मला हात करायचीस आणि तशीच परत जायचीस. मी हाक मारायचो, "अगं, आलीस तर चहा तरी घे!" तू स्कूटी वळवत म्हणायचीस, "वेळ नाही." मी आईला म्हणायचो, बघ, माझ्यावर नजर ठेवायला येते. आई म्हणायची, "येऊ दे की, तेवढंच तोंड दिसतं." तुझं तोंड उन्हानं लालभडक झालेलं असायचं. आता ते आठवतं आणि वाटतं, तेव्हा हाक मारण्यापेक्षा उठून पाण्याचा तांब्या घेऊन गेलो असतो तर काय बिघडलं असतं?

हे सगळं आज लिहायला बसलो, कारण आज वारा सुटला.

तू गेल्यापासून हवा कशी पडलेली होती. ढग यायचे, उकडायचं, पान हलायचं नाही. आज दुपारी मात्र लिंबाची पानं सळसळायला लागली, मग पत्र्यावर धूळ आली, मग पाचट उडत अंगणात आलं. मी ओसरीवरून तारांकडे बघत होतो. मॅडमच्या हरभऱ्यावरून त्या पलीकडे तात्यांच्या उसाकडे जातात. ओढलेल्या आहेत, दांड्या बसवलेल्या आहेत, तरी हलत होत्या. वर पंखा फिरत होता. बंद करणारं कुणी नाही, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात फोन वाजला. उपकेंद्रातला ऑपरेटर शकील.

"भाऊ, शकील बोलून राह्यलो. जेवले का? हौद भरला का?"

मी फोन कानावरून काढून नाव परत वाचलं. त्यानं तुझ्याच चालीवर विचारलं होतं.

"भाऊ? आवाज येतोय का?"

"तुला कशाला पाह्यजे रे?" मी म्हणालो.

"हवा सुटली ना भाऊ. लाईन बंद करायची हाय. साहेबांना पुसलं, ते म्हणले मॅडमची पद्धत हाय तशीच चालू ठेवा. अन् मॅडमची पद्धत म्हणजे पहिले तुम्हाला फोन. तुम्ही हौद भरला म्हणल्याबिगर बंद करायची न्हाई."

"कुणी सांगितलं तुला असं?"

"मॅडमनंच. हौद झाला तवापासून. रोज फोन त्या स्वतः करायच्या. मी इकडं बटणापाशी उभा, अन् त्या तुम्हाला पुसायच्या. हौद रिकामा म्हणले तर लाईन चालूच ठेवायची, अन् तेवढ्या वेळात माणसं तारांखाली गस्तीला पाठवायची. तुम्ही फोन उचलला न्हाई तर बघायला जायच्या. बघून आल्याबिगर बंद करू द्यायच्या न्हाईत."

मी विचारलं, "अन् मला का न्हाई सांगितलं?"

 शकील हसला बिचारा, आणि मग नाक ओढून म्हणाला, "मॅडम म्हणायच्या, घरी बिलकुल सांगू नको. आमच्या ह्यांचं म्हणणं बराबर हाय, पण कळलं तर डोक्यावर बसतील."

वंदना! अगं, कसली बाई तू!

"भाऊ," शकील म्हणाला, "हौद भरला का?"

हौद भरलेला नव्हता. तळाला वीतभर पाणी होतं, त्यात पानं पडलेली. विचारणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून मी तिकडे फिरकलोच नव्हतो. "न्हाई रे," मी म्हणालो. "बरं," तो म्हणाला. "जल्दी लावा मोटार. मी थांबतो. तोवर पोरं तारांखाली धाडून राह्यलो."

मी पळत विहिरीवर गेलो. मोटार लावली आणि हौदाच्या कठड्यावर जाऊन बसलो. पाणी हळूहळू चढत होतं. डोक्यावरच्या तारा वाऱ्यानं हलत होत्या, त्यांत वीज होती, आणि ती माझ्यासाठी ठेवलेली होती. लाईन तोडावी तर पाणी नाही, ठेवावी तर ठिणगीची भीती. एकदा हौदाकडे बघायचो, एकदा तारांकडे. उसात कुठं सळसळलं तरी दचकायचो. आणि मग कळलं की फोन ठेवल्यापासून पंखा थांबेपर्यंतचा तो जरासा वेळ तू दर वेळी असाच काढला असशील. हौद रिकामा असेल त्या दिवशी तर किती वेळ! माझ्या एका हट्टापायी, भर वाऱ्यात, लाईन चालू ठेवून. काही झालं असतं तर जाब तुला द्यावा लागला असता, आणि तू कुणाचंही नाव घेतलं नसतंस. मला मात्र भांडताना वाटायचं की माझा शब्द ह्या बाईच्या कानावरून जातो.

बांधापलीकडून तात्या आले. फवाऱ्याचा ट्रॅक्टर घेऊनच आले, कुणी सांगितलं नव्हतं. हौदापाशी लावला आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. "लाईन न्हाई गेली अजून?" त्यांनी विचारलं. म्हणालो, "मी थांबवलीय." त्यांनी हलत्या तारांकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. "मंग लवकर भर बाबा," म्हणाले. "ते चालू असलं की आता भ्या वाटतं." आणि माझ्या शेजारी कठड्यावर बसले.

ज्या माणसानं तुझ्या नावानं बोटं मोडली तो लाईन बंद व्हायची वाट बघत बसलाय, हे तुला दाखवायला हवं होतं. तू नुसतं माझ्याकडे बघून भुवई उडवली असतीस.

पाणी कठड्याला लागलं तशी मी मोटार बंद केली आणि शकीलला फोन लावला. म्हणालो, "भरला. कर बंद." तो म्हणाला, "ठीक हाय भाऊ." आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. खरं तर लाईन गेल्याचा आवाज होत नाही. विहिरीवरच्या पेटीतला लाल दिवा विझला, एवढंच.

घरी आलो तर पंखा थांबला होता. आई ओसरीवर पदरानं वारा घेत बसली होती. मला बघून म्हणाली, "गेली का रे लाईन?" मी हो म्हणालो. तिनं डोळ्यांना पदर लावला, आणि मीही तिच्यापाशी जाऊन बसलो. तू गेल्याचं तेव्हा आम्हा दोघांनाही नीट कळलं असं वाटतं. त्या बंद पंख्याखाली आम्ही पोटभर रडलो, आणि रडताना मला इतकं बरं वाटत होतं की तुझी माफी मागायची का तुझे आभार मानायचे, तेच समजेना.

आता घामानं भिजून हे लिहितोय. वारा अजून चालू आहे, ऊस सळसळतोय, तारा गप आहेत. आई दोनदा ताट वाढते म्हणाली, पण आधी तुला सांगायचं होतं.

जेवलो नाही अजून, वंदना. हौद भरलाय.